बिनशिवणीचा झगा: सोलापुरातल्या एका मिश्रमाध्यम कामाचा प्रकरण अभ्यास

सोलापुरातल्या एका जुन्या प्रोटेस्टंट मंडळीच्या उपासनामंदिरात व्यासपीठामागची भिंत वर्षानुवर्षं कोरी होती. मधोमध सागवानी वधस्तंभ आणि वर कमानीत रंगवलेलं एक वचन, एवढंच. ईस्टरच्या निमित्ताने तिथे काहीतरी चांगलं करून घ्यावं असं मंडळीच्या कमिटीने ठरवलं आणि काम मंडळीतल्याच एका चित्रकर्तीकडे आलं. त्या शाळेत चित्रकला शिकवतात आणि स्वतःचं काम मिश्रमाध्यमात करतात. कापड, कागद, दोरा, रंग, कारखान्यातलं टाकाऊ सामान असं सगळं त्यांच्या हाताखालून जातं. शाळेत आणि मंडळीत सगळे त्यांना बाई म्हणतात, मीही इथे तेच म्हणतो. पहिल्या रेखाटनापासून काम भिंतीवर चढेपर्यंत मी ते जवळून पाहिलं आहे. नावं मात्र कुणाचीच देत नाही.

ख्रिस्ती विषयावर काम करणाऱ्या प्रत्येक मराठी कलाकाराला कधी ना कधी एक प्रश्न अडवतो: येशूची गोष्ट आपल्या गावची वाटावी कशी? बाईंनी या कामातून दिलेलं उत्तर मला फार महत्त्वाचं वाटतं. गावाची ओळख त्यांनी ख्रिस्ताच्या पोशाखात शोधली नाही, गावाच्या कारागिरीत शोधली. तिथपर्यंत पोहोचायला त्यांना बरीच वळणं घ्यावी लागली.

भिंत कोरी का होती

अमेरिकन मराठी मिशनचं काम मुंबईत 1813 साली सुरू झालं, 1831 मध्ये ते अहमदनगरला पोहोचलं आणि पुढे सोलापुरात आलं. हे मिशनरी ज्या परंपरेतले होते तिथे उपासनेची जागा मुद्दाम साधी ठेवत. पुतळा नाही, चित्र नाही, मेणबत्त्यांची आरासही नाही. मधोमध व्यासपीठ, कारण वचन ऐकणं महत्त्वाचं. शिवाय इथल्या पहिल्या पिढीने घरातले देव सोडून हा विश्वास स्वीकारला होता. बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाच्या विसाव्या अध्यायातली ‘कोरीव मूर्ती करू नकोस’ ही आज्ञा त्यांच्यासाठी पुस्तकातली गोष्ट नव्हती. तिच्यासाठी त्यांनी नातेवाईक तोडले होते. म्हणून आजही मंडळीतले वयस्क लोक व्यासपीठाजवळ चित्र म्हटलं की अस्वस्थ होतात. त्या अस्वस्थतेचा मला आदर वाटतो.

गाण्याच्या बाबतीत मराठी ख्रिस्ती लोकांनी मोकळेपणा दाखवला. गोव्यातले कॅथलिक धर्मगुरू फादर स्टीफन्स यांचं ख्रिस्तपुराण 1616 साली छापलं गेलं, तेही ओवीत. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी (1861–1919) अभंग आणि कीर्तनं मंडळीत आणली. आजही तबला-पेटीवर त्यांची भजनं रविवारी म्हटली जातात आणि ती परकी वाटत नाहीत. चित्राच्या बाबतीत असं काही घडलंच नाही. मंदिराची भिंत कोरी राहिली आणि घराच्या भिंतीवर कॅलेंडर आलं. त्या कॅलेंडरवरचा मऊ तपकिरी केसांचा, उजळ चेहऱ्याचा येशू बहुतेक वेळा शिकागोच्या वॉर्नर सॉलमन या चित्रकाराच्या 1940 सालच्या चित्रावरून आलेला असतो. त्या चित्राच्या 50 कोटींहून जास्त प्रती निघाल्याचं सांगितलं जातं. आमच्याकडची मुलं तोच चेहरा बघत मोठी झाली.

त्यामुळे कमिटीच्या पहिल्याच बैठकीत दोन टोकं पडली. तरुण मंडळींना तो ओळखीचा चेहरा मोठ्या फ्लेक्सवर हवा होता, मागे सूर्यकिरण, खाली वचन. वडीलधाऱ्यांना चेहराच नको होता. त्यांच्यातले सगळ्यात ठाम होते जॉबरकाका. ते एका गिरणीच्या विणकाम खात्यात जॉबर, म्हणजे कामगारांवरचे मुकादम, होते, गिरणी बंद पडली तेव्हा घरी बसले, तरी नाव तेच राहिलं. त्यांनी एवढंच सांगितलं, “बाई, तुम्ही काहीपण करा, पण माणसं त्याच्याकडे बघून हात जोडतील असं काही नको.”

पहिली रेखाटनं

बाईंनी तीन रेखाटनं आणली. एकात येशू मुंडासं बांधून हातमागावर बसला होता. दुसऱ्यात शेवटचं भोजन होतं, ताटात ज्वारीची भाकरी आणि शेंगाचटणी. तिसऱ्यात वधस्तंभाखाली गिरणी कामगारांची गर्दी, मागे चिमणी.

अशा कामाला आपल्याकडे मोठा वारसा आहे. गोव्यात जन्मलेले आंजेलो द फोन्सेका (1902–1967) शांतिनिकेतनात शिकले आणि त्यांनी मरियेला साडी नेसवली. गोव्यात त्यावरून टीका झाली. पुढे पुण्याला ख्रिस्त प्रेम सेवा संघाच्या आश्रमात राहून त्यांनी आयुष्यभर ते काम केलं. तेलुगू भाषेत वाढलेले पी. सॉलोमन राज यांनी बाटिक (मेण लावून कापड रंगवण्याची कला) आणि लाकडी ठशांतून बायबलच्या गोष्टी सांगितल्या. बाईंवर या दोघांचाही प्रभाव आहे आणि त्या तो लपवत नाहीत.

रेखाटनं मात्र अडली. तरुणांना ती नाटकातल्या प्रवेशासारखी वाटली. जॉबरकाकांनी पहिलं चित्र हातात घेतलं, बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, “हा धोटा कुठल्या हातानं टाकलाय? आणि पाय पावडीवर नाहीतच. असं कापड निघत नसतंय की.” धोटा म्हणजे आडवा दोरा नेणारं लाकडी साधन, पावडी म्हणजे मागाची पायाने दाबायची पट्टी. मला वाटतं या कामाला खरं वळण या वाक्याने मिळालं. काकांची तक्रार आता धर्मशास्त्राची नव्हती. माग हा चित्रात सजावटीपुरता आला होता आणि विणकाराच्या नजरेला ते लगेच कळलं. भाकरी, मुंडासं, चिमणी या खुणा बाहेरून चिकटवलेल्या होत्या. त्या काढून घेतल्या असत्या तरी मांडणी तशीच उरली असती.

फोन्सेकांनी 1930च्या सुमारास मरियेला साडी नेसवली तेव्हा ते धाडस होतं, कारण चर्चमध्ये युरोपीय चेहरा हाच खरा मानला जात होता. आज तेच करणं पुरेसं नाही असं माझं मत आहे. पोशाख बदलून गाव येतं ते अर्धंच.

चेहऱ्याचा पेच सोडवायला बाईंना आमच्याच जिल्ह्यातल्या एका माणसाची आठवण झाली. पंढरपूरला जन्मलेल्या एम. एफ. हुसेन यांनी मदर तेरेसांची जी चित्रं केली त्यांत चेहरा नाही. निळ्या काठाची पांढरी साडी आहे, तिच्या घड्या आहेत, मुलाला धरलेले हात आहेत. कापडच माणसाची ओळख देतं. बाई म्हणाल्या, “मग माझ्याकडे तर कापडाचं अख्खं गाव आहे.”

वचनातला विणकर

उपवासकाळातल्या बायबल अभ्यासात योहानाच्या शुभवर्तमानाचा एकोणिसावा अध्याय चालू होता. शिपायांनी येशूची वस्त्रं घेऊन चार वाटे केले, प्रत्येकाला एक. झगा मात्र बिनशिवणीचा, वरपासून खालपर्यंत सबंध विणलेला होता, म्हणून तो न फाडता त्यांनी त्यावर चिठ्ठ्या टाकल्या. दरवर्षी वाचला जाणारा हा भाग. जॉबरकाकांनी मध्येच पाळकसाहेबांना थांबवलं. “वरपासून सबंध, बिनशिवणीचा म्हणजे ते नळी विणत होते का?” पाळकसाहेबांकडे उत्तर नव्हतं. बाईंकडेही नव्हतं. पण त्या रात्री त्यांनी तिन्ही रेखाटनं बाजूला ठेवली.

काकांचा प्रश्न अगदी योग्य होता. रोमन काळात अंगरखे उभ्या मागावर एकसंध विणले जात, पण बहुतेकांच्या बाजू नंतर शिवाव्याच लागत. शिवण पूर्ण टाळायची असेल तर कापड नळीच्या आकारात विणावं लागतं. सपाट मागावर ते जमतं. ताण्याचे, म्हणजे उभ्या दोऱ्यांचे, दोन थर एकावर एक ठेवायचे, धोटा एकच. तो वरच्या थरातून डावीकडून उजवीकडे जातो आणि परत येताना खालच्या थरातून येतो. बाणा, म्हणजे आडवा दोरा, असा दोन्ही थरांना वळसा घालत राहतो आणि मागावरून उतरल्यावर कापड उघडलं की आत पोकळी असते, शिवण कुठेच नसते. कंदिलाच्या गोल वातीपासून अग्निशामक दलाच्या पाण्याच्या पाइपापर्यंत याच तत्त्वाच्या गोष्टी आहेत. गिरणीतल्या माणसाला हे सांगावं लागत नाही.

बायबलमध्ये विणकाम किती ठिकाणी येतं हे बाईंनी मग शोधून काढलं. ईयोब म्हणतो माझे दिवस विणकराच्या धोट्याहून वेगाने जातात. यशयाच्या अडतिसाव्या अध्यायात हिज्कीया राजा आजारातून उठल्यावर म्हणतो की विणकराने कापड गुंडाळून मागावरून कापावं तसं माझं आयुष्य कापलं जात होतं. आणि वडीलधाऱ्यांच्या आक्षेपाला उत्तर ज्या पुस्तकातून आक्षेप आला त्याच पुस्तकात सापडलं. निर्गमच्या पस्तिसाव्या अध्यायात बसालेल आणि अहलियाब यांना देवाने कारागिरीचं ज्ञान दिलं असं लिहिलंय आणि त्या कारागिरांच्या यादीत विणकर आहे. मूर्ती नको म्हणणाऱ्या ग्रंथालाच उपासनेच्या मंडपाचे पडदे विणून हवे होते, निळ्या, जांभळ्या आणि किरमिजी सुताचे. कमिटीत हे वाचून दाखवल्यावर काकांनी मान हलवली. “कापड असेल तर माझी हरकत नाही,” ते म्हणाले. चेहरा नाही, मूर्ती नाही. झगा.

पूर्व भागातला माग

सोलापुरात यंत्रमाग घरोघर आहेत, हातमाग शोधावा लागतो. पूर्व भागात भिंतीवर टांगायची चित्रं हातमागावर विणणारे काही कारागीर अजून आहेत. त्यांच्यातल्या एका तेलुगू भाषक अण्णांकडे काका बाईंना घेऊन गेले. अण्णा पद्मशाली या विणकर समाजातले, मार्कंडेयाचे भक्त. नारळी पौर्णिमेच्या रथोत्सवात त्यांच्या घरचं कुणी ना कुणी असतंच. ख्रिस्ताचा झगा विणायचाय हे ऐकून ते गडबडतील अशी बाईंना धास्ती होती. अण्णा म्हणाले, “आमचा मूळपुरुष भावनाऋषी. त्यानं कमळाच्या तंतूचं कापड देवांसाठी विणलं म्हणतात. देवाला कापड द्यायचं काम आमचंच आहे.” पैशांचं बोलणं त्याच्या आधीच झालं होतं, हे मुद्दाम सांगतो.

नळी विणण्यात दोन अडचणी असतात आणि दोन्ही आल्या. पहिल्या नमुन्यात एका काठावर उभी रेघ दिसत होती. वळणाच्या जागी शेजारचे दोन दोरे एकाच वेळी वर-खाली होत होते. साध्या विणीची नळी हवी तर ताण्यातल्या दोऱ्यांची एकूण संख्या विषम ठेवावी लागते, नाहीतर वळणावर वीण चुकते. अण्णांनी कडेचा एक दोरा काढून टाकला आणि रेघ गेली. दुसरी अडचण काठांवर दोरे दाटण्याची. धोटा वळताना बाणा ओढला जातो, काठ आत खेचले जातात आणि तिथलं कापड जाड होतं. त्यासाठी त्यांनी कडेला फणीच्या (उभे दोरे ज्यातून ओवतात त्या मागाच्या कंगव्याच्या) घरांत दोरे विरळ भरले आणि बाणा सैल सोडत गेले. तरी काठाशी थोडी दाट पट्टी राहिलीच. बाईंनी ती राहू दिली आणि मला ते पटलं. पक्क्या उजेडात ती दिसते आणि हे कापड कसं झालं ते सांगते.

खरी कसोटी गळ्याची आणि हातांची होती. वचनात ‘वरपासून’ म्हटलंय, म्हणून विणकाम खांद्यापासूनच सुरू करायचं असा काकांचा हट्ट. अण्णांनी सुरुवातीचे काही धागे दोन्ही थर एकत्र बांधत हाताने उचलून विणले, त्यातून खांदे झाले. मधला भाग मोकळा सोडला, तो गळा. मग हातांच्या जागी दोन धोटे घेतले, एक वरच्या थराला, एक खालच्या, म्हणजे दोन्ही काठ उघडे राहिले. तेवढी लांबी संपल्यावर पुन्हा एकच धोटा आणि तिथून खाली घोट्यापर्यंत सलग नळी. साडेपाच फूट, न रंगवलेलं कच्च्या पांढऱ्या रंगाचं सूत. कात्री लागली ती फक्त मागावरून उतरवताना. अण्णांचा मुलगा यंत्रमागावर टॉवेल काढतो. तो काम सोडून दोन-तीनदा बघून गेला.

मिश्रमाध्यमाचा उगम सांगताना 1912 सालचं पिकासोचं चित्र हमखास येतं, ज्यात त्याने खुर्चीच्या वेताचा छाप असलेलं मेणकापड कॅनव्हासवर चिकटवलं. बाईंच्या कामाला जवळचं उदाहरण मला इटलीच्या आल्बेर्तो बुर्रीचं वाटतं. तो लष्करी डॉक्टर होता, टेक्सासच्या युद्धकैद्यांच्या छावणीत चित्रं काढू लागला आणि पुढे फाटक्या गोणपाटांना टाके घालून त्याने चित्रं केली. त्या चित्रांत मुख्य बोलतं ते गोणपाटच.

चार वाटे

झगा मध्ये टांगायचा हे ठरलं. मागे काय? वचनातच होतं: चार वाटे. बाईंनी नऊ फूट बाय सहा फुटांच्या जाड सुती पाठकापडाचे चार भाग केले आणि प्रत्येक भागात सोलापूरच्या एकेका श्रमाचं कापड फाडून बसवलं. कापलं नाही, फाडलं. कडा दशांसकट उघड्या ठेवल्या. मधला झगा अखंड आहे हे त्या फाटक्या कडांमुळेच कळतं.

वर डावीकडे सोलापुरी चादर. भौगोलिक मानांकन मिळालेली हीच ती चादर, पण विणीत चूक झाल्यामुळे बाजूला काढलेल्या मालातली. वर उजवीकडे गिरणीचा मांजरपाट, तो काकांच्या पेटीतून निघाला. लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी अशा गिरण्यांवर एके काळी या शहराचा दिवस भोंग्याने उगवायचा, आज मांजरपाटाचा तो जुना तुकडा शोधून मिळत नाही. खाली डावीकडे एका विडी कामगार मावशींचं जुनं इरकली लुगडं, मांडीवर सूप ठेवून बसण्याच्या जागी विरलेलं. खाली उजवीकडे टर्किश टॉवेल.

तळाला जकार्डच्या पुठ्ठ्यांची एक पट्टी आहे. जकार्ड म्हणजे मागावर नक्षी विणणारं यंत्र, 1804 सालचं. त्यात दोऱ्याने गुंफलेले छिद्रांचे पुठ्ठे एकामागून एक सरकतात. छिद्र असेल तिथे ताण्याचा दोरा वर उचलला जातो, नसेल तिथे खाली राहतो आणि चादरीवर मोर किंवा फूल उमटतं. ज्या कारखान्यांत इलेक्ट्रॉनिक जकार्ड आला तिथे हे पुठ्ठे रद्दीत जातात. बाईंनी शिपायांच्या चिठ्ठ्यांच्या जागी ते लावले. शिपायांना वाटलं आपण नशीब आजमावतोय आणि इथे प्रत्येक छिद्र आधीच ठरवलेलं आहे. बायबलच्या बावीसाव्या स्तोत्रात चिठ्ठ्यांचा उल्लेख पूर्वीच येऊन गेला आहे हे ज्याला ठाऊक आहे त्याला या पट्टीचा अर्थ लागतो, ज्याला ठाऊक नाही त्याला गिरणीची आठवण येते. कामात मला सगळ्यात जास्त आवडणारा भाग हाच आहे.

काही गोष्टी गाळल्या गेल्या. बाभळीच्या काट्यांचा मुकुट पहिल्या आठवड्यातच गेला. असे काटे प्रत्येक ईस्टरच्या सजावटीत असतात. तेंदूची पानं लुगड्याशेजारी शिवून पाहिली, ती वाळून चुरा झाली आणि त्यांत किडे आले. मांजरपाटावर मागाच्या जुन्या लोखंडी भागांचे गंजाचे ठसे घेतले होते आणि ते दिसत होते अप्रतिम, खिळ्यांच्या जखमांसारखे. पण गंजाने सुती धागा कुजतो, काही वर्षांत ठशाच्या जागी भोकं पडतात. बाईंनी तो तुकडा काढून वहीत ठेवला आणि भिंतीवरच्या कामात ॲक्रिलिकचा पातळ तांबूस हात दिला. तो ठशाइतका जिवंत नाही. तरीही निर्णय बरोबर होता, कारण मंडळीने काम टिकण्यासाठी मागितलं होतं.

टिकाऊपणाचा भाग

इथे बाईंनी जे केलं ते कापडात काम करणाऱ्या कुणालाही उपयोगी पडेल, म्हणून जरा तपशिलाने सांगतो.

लाकडाला वापरतात तो पांढरा गोंद चादरीवर लावून पाहिला तेव्हा कापड कडक झालं, डाग वर उमटले आणि उन्हाळ्यात टोकं उचलली. जुन्या पद्धतीची पिठाची खळ लावली तर कसर येते, तिला पिठूळ पदार्थ आवडतो. म्हणून चिकटवणं जवळजवळ बंद केलं आणि सगळं टाक्यांनी बसवलं. टाका सोडवता येतो, खालचं कापड खराब होत नाही आणि सोलापूरचं चाळीसच्या वर जाणारं ऊन व त्यानंतरची पावसाळी हवा यांत कापड आकसतं-सैलावतं त्याला थोडी जागा राहते. जकार्डचे पुठ्ठे त्यांच्याच छिद्रांतून दोरा घालून बांधले. त्यांना नवीन भोक पाडावं लागलं नाही.

लावण्याआधी सगळी कापडं धुतली, कारण नव्या सुतावरची खळ कसरीला बोलावते आणि न धुतलेलं कापड नंतर आटतं. रंग पक्का आहे का ते पाहायला ओलं पांढरं फडकं घासून पाहिलं. चादर पास झाली, लुगड्याचा लाल काठ सुटला, म्हणून तो वेगळा धुऊन, पाणी स्वच्छ येईपर्यंत खळबळून मगच घेतला. उजेडासाठी प्रत्येक कापडाची एक पट्टी अर्धी पुठ्ठ्याने झाकून पश्चिमेच्या खिडकीत टांगून ठेवली. काही आठवड्यांनी टॉवेलचा निळा उडालेला दिसला. तो बदलून पांढरा घेतला.

भिंत दगड-चुन्याची, पावसाळ्यात ओल धरणारी. काम तिला टेकवलं असतं तर मागून बुरशी आली असती. वरच्या कडेला कापडाची नळी शिवून तिच्यातून लाकडी पट्टी सरकवली आणि पट्टीमागे ठोकळे लावून भिंतीपासून दीड इंच अंतर ठेवलं. नाताळच्या मेणबत्त्या त्या भिंतीजवळ लावायच्या नाहीत, एवढी एक अट घातली.

पैसे आणि पत्र

“प्रभूचं काम आहे, पैसे कसले?” हे वाक्य मंडळीत काम करणाऱ्या प्रत्येक कलाकाराने ऐकलेलं असतं. बाईंनी त्यावर वाद घातला नाही. हिशोब दोन भागांत मांडला. अण्णांची मजुरी, सामान, सुतार हा खर्च मंडळीने पूर्ण आणि आगाऊ द्यायचा. स्वतःची मेहनत त्यांनी अर्पण म्हणून दिली आणि तसं लिहून दिलं, म्हणजे पुढच्या कलाकाराला ‘बाईंनी तर फुकट केलं होतं’ असं ऐकावं लागणार नाही. अर्पण करणं हा त्यांचा निर्णय होता. अण्णांच्या वतीने तो घ्यायचा अधिकार त्यांना किंवा कमिटीला नव्हता. हा फरक धार्मिक संस्थांच्या कामात सर्रास पुसला जातो आणि त्याची किंमत कारागीर मोजतो.

त्याच पत्रात काम कसं वागवायचं तेही आलं. भारताच्या 1957च्या कॉपीराइट कायद्याचं कलम 57 कलाकाराला काम दुसऱ्याचं झाल्यावरही त्याची मोडतोड किंवा विद्रूपीकरण याविरुद्ध दाद मागू देतं. अमरनाथ सेहगल यांचं विज्ञान भवनातलं भित्तिशिल्प सरकारने उतरवून टाकलं होतं. 2005 साली दिल्ली उच्च न्यायालयाने त्याचे अवशेष त्यांना परत द्यायला लावले आणि 5 लाख रुपये भरपाईही दिली. पण काम न लावता ठेवून देणं याला हे कलम लागू होत नाही. म्हणून बाईंनी साध्या मराठीत लिहून घेतलं: काम कापायचं नाही, त्यावर रंग किंवा अक्षरं चढवायची नाहीत, त्यासमोर फ्लेक्स बांधायचा नाही आणि मंडळीला नकोसं झालं तर ते बाईंना परत करायचं. मागच्या बाजूला दोन नावं शिवली आहेत, बाईंचं आणि अण्णांचं. काकांनी आपलं नाव घालू दिलं नाही.

तरुण मंडळींचा एक आग्रह शेवटपर्यंत होता, की खाली वचन अक्षरांत हवं. बाईंनी नकार दिला. अक्षरं आली की लोक वाचतात आणि बघायचं थांबतात असं त्यांचं म्हणणं. शेवटी संदर्भ तेवढा, ‘योहान 19:23’, पाठीमागे नावांच्या वर आला. फ्लेक्स मागणाऱ्यांतला एक मुलगा आता काम चढवणं-उतरवणं सांभाळतो.

चढवल्यानंतर

ईस्टरच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारी काम चढलं आणि ईस्टरनंतरच्या पेंटेकॉस्ट सणापर्यंत राहिलं. वधस्तंभ हलवला नाही, तो झग्याच्या वर तसाच आहे. उत्तम शुक्रवारच्या उपासनेत पाळकसाहेबांनी कामाचा उल्लेखही केला नाही, फक्त तो अध्याय वाचला. उपासना संपल्यावर विडी कामगार मावशी पुढे गेल्या, लुगड्याच्या तुकड्याला हात लावला आणि शेजारणीला म्हणाल्या, “माझंच आहे बघ.” हात कुणी जोडले नाहीत. काका हे बघायलाच मागच्या बाकावर बसले होते.

कमिटीने पुढे ठरवलं की काम दरवर्षी याच काळात लावायचं, एरवी उतरवायचं. घडी घालायची नाही, घडीवर सूत तुटतं. जाड पाइपावर स्वच्छ मांजरपाट गुंडाळून त्यावर काम गुंडाळायचं, झगा मात्र वेगळा, सपाट. कायम टांगलं असतं तर कापडावरचा उजेडाचा भार वाढला असता, म्हणून मलाही ही सोय योग्य वाटते.

बाईंचा आणि माझा एक मतभेद मिटलेला नाही. खालच्या उजव्या भागातला टर्किश टॉवेल मला खटकतो. त्याची जाडी बाकीच्या तिन्ही कापडांपेक्षा जास्त आहे, नजर तिकडे ओढली जाते आणि झग्याची सरळ पडलेली रेष तेवढ्यापुरती ढळते. पातळ पंचा चालला असता असं मी त्यांना सांगितलं. त्यांचं म्हणणं दुहेरी आहे. आजचं सोलापूर टॉवेलवरही जगतं, गिरणीच्या आठवणीवरच नाही. आणि याच शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात येशू कमरेला टॉवेल बांधून शिष्यांचे पाय धुतो. दुसरा मुद्दा मला मान्य आहे, तरी डोळ्याला जे दिसतं ते दिसतंच. बाईंनी टॉवेल बदललेला नाही आणि बदलणार नाहीत असं त्यांनी स्वच्छ सांगितलं आहे.